शार्ल-ऑगुस्तँ द कूलोम

शार्ल-ऑगुस्तँ द कूलोम (१४ जून १७३६ – २३ ऑगस्ट १८०६) हे फ्रेंच लष्करी अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ होते. दोन विद्युत्‌भारांमधील बल त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि विद्युत्‌भाराच्या आंतरराष्ट्रीय एककालाही त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यांच्या आडनावाचा फ्रेंच उच्चार 'कुलाँ' असा होतो. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र 'कूलोम' हे रूप रूढ आहे.

शालेय विद्यार्थ्याला कूलोम विजेच्या धड्यात भेटतात. स्थापत्य अभियंत्याला ते मातीच्या धड्यात भेटतात. आधारभिंतीवर, म्हणजे बांधकामाच्या जागी जिला रिटेनिंग वॉल म्हणतात तिच्यावर, मागच्या मातीचा दाब किती येतो याचे पहिले सुसंगत गणित कूलोम यांनी १७७३ मध्ये मांडले. भूकंपाच्या वेळी हा दाब किती वाढेल हे ठरवण्याची आजची सर्वाधिक वापरातील पद्धतही त्याच गणिताचा विस्तार आहे.

बालपण व शिक्षण

कूलोम यांचा जन्म नैर्ऋत्य फ्रान्समधील आंगुलेम या नगरात झाला. वडील आंरी कूलोम हे मूळचे माँपेलिए येथील, तर आई कातरीन बाजे सधन घराण्याशी नाते असलेल्या होत्या. पुढे कुटुंब पॅरिसला गेले आणि कूलोम यांचे शिक्षण तेथील माझारँ महाविद्यालयात झाले. खगोलशास्त्रज्ञ पिएर शार्ल ल मोनिए यांची व्याख्याने ऐकून त्यांना गणिताची गोडी लागली. मुलाने गणिताच्या मागे लागावे हे आईला मान्य नव्हते. याच सुमारास वडिलांनी आर्थिक सट्ट्यात पैसा गमावला व ते माँपेलिएला परतले. आईशी पटेनासे झाल्यावर कूलोमही त्यांच्या मागोमाग तेथे गेले. १७५७ मध्ये माँपेलिएच्या विज्ञान मंडळाने त्यांना सदस्य करून घेतले आणि तेथे त्यांनी आपले पहिले निबंध वाचले.

केवळ गणितावर पोट भरणे शक्य नव्हते. लष्करी अभियंत्याची नोकरी हा त्या काळी गणित येणाऱ्या पण वारशाचा आधार नसलेल्या तरुणाला खुला असलेला मार्ग होता. प्रवेशपरीक्षेची तयारी करून फेब्रुवारी १७६० मध्ये कूलोम मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत दाखल झाले. तेथे त्यांना शार्ल बोस्यू हे गणिताचे शिक्षक आणि जाँ-शार्ल द बोर्दा हे आजन्म मित्र लाभले. नोव्हेंबर १७६१ मध्ये ते लेफ्टनंट म्हणून बाहेर पडले. त्यांची पहिली नेमणूक ब्रेस्त बंदरात झाली.

मार्तिनिकमधील वर्षे

कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक हे बेट १७६२ मध्ये ब्रिटिशांनी जिंकले होते आणि १७६३ च्या पॅरिस तहाने ते फ्रान्सला परत मिळाले. बेट पुन्हा हातचे जाऊ नये म्हणून फोर्-रोयाल (आजचे फोर-द-फ्रान्स) या बंदराच्या वरच्या टेकडीवर बूर्बाँ नावाचा मोठा किल्ला बांधण्याचे ठरले. या कामासाठी निवडलेला अभियंता ऐनवेळी आजारी पडला आणि त्याच्या जागी कूलोम यांना पाठवण्यात आले. फेब्रुवारी १७६४ मध्ये ते निघाले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. ते परतले १७७२ मध्ये.

ऊस आणि साखरेवर चालणाऱ्या या वसाहतीची सारी अर्थव्यवस्था गुलामांच्या श्रमावर उभी होती. युरोपातून आलेले सैनिक तापाने पटापट मरत. कूलोम स्वतः अनेकदा गंभीर आजारी पडले आणि तेथे खालावलेली त्यांची प्रकृती पुढे कधीही पूर्ववत झाली नाही. माणूस दिवसाकाठी किती काम करू शकतो यावरील निबंधात त्यांनी बऱ्याच वर्षांनी मार्तिनिकचा अनुभव नोंदवला आहे. तेथील उष्म्यात सैनिकांकडून फ्रान्समधील कामाच्या निम्मेही काम होत नसे, असे त्यांचे निरीक्षण होते.

किल्ल्याचे काम म्हणजे मुख्यतः मातीचे काम होते. टेकडीचा उतार कापायचा, खंदक खणायचा, निघालेली माती तटबंदीमागे भरायची आणि ती ढासळू नये म्हणून पुढे दगडी भिंत उभारायची. तोफगोळ्यांचा मारा सोसण्यासाठी तटामागे मातीचा जाड भराव लागतोच. पण तोच भराव रात्रंदिवस भिंतीला बाहेर ढकलत असतो. भिंत पातळ ठेवली तर ती उलथते. नको इतकी जाड केली तर दगड, चुना, मजूर आणि पैसा वाया जातो, आणि समुद्रापलीकडच्या बेटावर या चारही गोष्टी दुर्मिळ होत्या.

त्या वेळी अभियंत्यांच्या हाती भिंतीच्या जाडीचे ठोकताळे होते. सतराव्या शतकातील दुर्गरचनाकार व्होबाँ यांनी भिंतीच्या उंचीप्रमाणे जाडी देणारी कोष्टके रूढ केली होती आणि ती अनुभवाने पारखलेली होती. पुढे बेलिदोर यांनी १७२९ च्या आपल्या ग्रंथात गणिताचा प्रयत्न केला, पण त्यात माती ४५ अंशांच्या उतारावरून घसरते असे आधीच गृहीत धरले होते. घर्षणासाठी आलेल्या उत्तराचे सरळ निम्मे करायचे, अशी त्यांची रीत होती. व्होबाँ यांची कोष्टके कामाला येत, परंतु माती वेगळी असेल किंवा भिंत अधिक उंच असेल तर काय करावे हे ती सांगत नसत. मार्तिनिकमध्ये कूलोम यांना नेमके हेच जाणून घ्यायचे होते. आपल्या हाताखालच्या कामासाठी त्यांनी जी टिपणे केली, त्यांतूनच पुढचा निबंध तयार झाला.

१७७३ चा निबंध

फ्रान्सला परतल्यावर कूलोम यांची नेमणूक उत्तरेकडील बूशँ येथे झाली. १७७३ च्या मार्च व एप्रिलमध्ये त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध वाचला. वास्तुरचनेशी संबंधित स्थितिशास्त्राच्या काही प्रश्नांना महत्तम व लघुतम मूल्यांचे नियम लावण्याचा प्रयत्न, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. तो १७७६ मध्ये छापून आला. सुमारे चाळीस पानांच्या या मजकुरात त्यांनी घर्षण, पदार्थांची बळकटी, तुळईचे वाकणे, दगडी खांबाचे तुटणे, मातीचा दाब आणि कमानींचा समतोल एवढे विषय हाताळले. यांतील प्रत्येक विषयावर पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले.

मातीच्या दाबाचा विचार त्यांनी असा केला. भिंत किंचित पुढे सरकली तर तिच्यामागची सगळीच माती खाली येत नाही. एक त्रिकोणी पाचर मुख्य भरावापासून सुटते आणि तिरप्या पृष्ठावरून घसरू लागते. या पाचरीचे वजन तिला खाली खेचते. घसरणाऱ्या पृष्ठावरचे घर्षण आणि मातीच्या कणांचा परस्परांशी असलेला चिकटपणा, म्हणजे संसंजन, तिला अडवतात. उरलेला भार भिंतीला पेलावा लागतो. घर्षण पृष्ठावरील लंब दाबाच्या प्रमाणात वाढते, तर संसंजन दाबावर अवलंबून नसते. या दोहोंची बेरीज म्हणजे मातीचे कर्तनबल, हा कूलोम यांचा नियम आजही मृदा यांत्रिकीच्या पहिल्या प्रकरणात शिकवला जातो.

मग पाचरीचा उतार किती धरायचा? बेलिदोर यांनी तो आधीच ठरवून टाकला होता. कूलोम यांनी तो अज्ञात ठेवला. उतार उभा धरला तर पाचर लहान होते आणि दाब कमी येतो. उतार सपाट धरला तर पाचर मोठी होते, पण तिला घसरायला वावच राहत नाही. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी एक उतार असा असतो की ज्यावर भिंतीवरील दाब सर्वाधिक भरतो. कलनशास्त्राच्या साहाय्याने तो शोधायचा आणि भिंत त्या दाबासाठी बांधायची. माती कोठून तुटेल हे अभियंत्याने ठरवू नये, ते गणिताला ठरवू द्यावे, असा हा मार्ग होता. याच विचाराची उलट बाजूही त्यांनी मांडली. भिंत मातीवर आतून रेटली तर पाचर वर सरकते आणि त्यासाठी लागणारे बल कितीतरी मोठे असते. आज या दोन मर्यादांना सक्रिय व निष्क्रिय मृदादाब म्हणतात. घसरणारे पृष्ठ प्रत्यक्षात वक्र असू शकते याची कूलोम यांना जाणीव होती, तरी व्यवहारातील सोयीसाठी त्यांनी ते सपाट धरले.

एका उदाहरणाने आकडे स्पष्ट होतील. कोरड्या वाळूचा घर्षणकोन ३० अंश, भिंत उभी व गुळगुळीत आणि भरावाचा माथा सपाट असेल, तर पाचरीचा उतार क्षितिजाशी ६० अंशांचा येतो. भिंतीवरील आडवा दाब त्या खोलीवरील मातीच्या उभ्या दाबाच्या एक तृतीयांश भरतो. सहा मीटर उंच भिंतीमागे ही पाचर माथ्यावर सुमारे साडेतीन मीटर मागेपर्यंत पसरते.

निबंधाचे परीक्षण बोस्यू व बोर्दा यांच्याकडे होते आणि त्यांचा अभिप्राय अनुकूल होता. जुलै १७७४ मध्ये कूलोम यांना अकादमीचे वार्ताहर सदस्य नेमण्यात आले. परंतु बांधकामाच्या जगात निबंधाची दखल घ्यायला बराच काळ गेला. मजकूर अत्यंत आटोपशीर होता आणि कलनशास्त्र जाणणारे अभियंते थोडे होते. १८०२ मध्ये प्रोनी यांनी त्यातील निष्कर्ष सोपे करून मांडले. १८४० मध्ये पाँसले यांनी तिरप्या भिंतींसाठी आलेखाची रीत दिली. १८५७ मध्ये स्कॉटलंडचे रँकिन यांनी वेगळ्या वाटेने जाऊन त्याच प्रकारचे सूत्र मिळवले. त्यानंतर मृदादाबाचा सिद्धान्त सर्वत्र शिकवला जाऊ लागला.

रोशफोर, पॅरिस आणि वीज

बूशँनंतर कूलोम यांच्या शेर्बूर व बेझाँसाँ येथे बदल्या झाल्या. होकायंत्राची सुई टांगण्याच्या उत्तम पद्धतीविषयीचे अकादमीचे पारितोषिक १७७७ मध्ये त्यांना डच शास्त्रज्ञ फान स्विंडेन यांच्यासह विभागून मिळाले. १७७९ मध्ये ते रोशफोरला आले. तेथील जहाजबांधणीच्या आवारात त्यांनी लाकूड, धातू व दोरखंड यांच्या घर्षणावर मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. त्या प्रबंधाला अकादमीचे १७८१ चे पारितोषिक मिळाले आणि डिसेंबर १७८१ मध्ये ते अकादमीचे सदस्य झाले. यानंतर त्यांचे वास्तव्य पॅरिसलाच राहिले.

होकायंत्राच्या कामातून त्यांना तारेच्या पिळाचे नियम उमगले होते. बारीक तारेला टांगलेली दांडी किती अंशांनी पिळली जाते यावरून अतिशय सूक्ष्म बल मोजता येते, या तत्त्वावर त्यांनी पीळ तराजू तयार केला. १७८५ ते १७९१ या काळात वाचलेल्या सात निबंधांत त्यांनी विद्युत् व चुंबकीय बलांचे नियम प्रयोगाने सिद्ध केले. ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी असून तिचे विवेचन कूलोमचा नियम या लेखात आहे.

अभियंता म्हणून सरकारी कामेही चालूच होती. १७८३ मध्ये ब्रिटनी प्रांतातील बंदरे व कालव्यांच्या योजनेची पाहणी करून त्यांनी ती प्रतिकूल ठरवली. योजनेमागे प्रांतातील वजनदार मंडळी होती. या प्रकरणात कूलोम यांना एक आठवडा पॅरिसच्या आबेई तुरुंगात काढावा लागला. वरिष्ठांची परवानगी नसताना काम केल्याचे कारण पुढे करण्यात आले होते. पुढे ब्रिटनीच्या प्रांतसभेने त्यांच्या मताची योग्यता मान्य करून त्यांना मोठा मोबदला देऊ केला. त्यांनी त्यातून फक्त एक सेकंद-काट्याचे घड्याळ स्वीकारले, अशी आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये त्यांनी लष्करी सेवेचा राजीनामा दिला. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बरखास्त झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लाव्हाझिए, लाप्लास, बोर्दा आदींबरोबर त्यांनाही वजन-माप समितीतून काढण्यात आले. पॅरिस सोडून ते बोर्दा यांच्यासह ब्ल्वा जवळच्या खेड्यात जाऊन राहिले. १७९५ मध्ये नव्या राष्ट्रीय संस्थेत त्यांची निवड झाली व ते परतले. १८०२ पासून अखेरपर्यंत त्यांनी सार्वजनिक शिक्षणाचे महानिरीक्षक म्हणून फ्रान्समधील नव्या माध्यमिक शाळांच्या, म्हणजे लिसेंच्या, उभारणीत भाग घेतला. लुईझ फ्रान्स्वाझ ल प्रूस्त देझोर्मो यांच्याशी त्यांनी १८०२ मध्ये विवाह केला. त्यांना दोन मुलगे होते. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

भूकंप आणि कूलोमची पाचर

कूलोम यांच्या गणितात जमीन स्थिर आहे. मार्तिनिक हे बेट भूकंपप्रवण पट्ट्यात आहे आणि ११ जानेवारी १८३९ च्या भूकंपाने फोर्-रोयाल शहराची मोठी हानी झाली. तरीही १७७३ च्या निबंधात भूकंपाचे बल कोठेही धरलेले नाही. त्या काळी ते मोजण्याचे साधनही नव्हते आणि ते भिंतीच्या हिशेबात कसे घ्यावे याची कल्पनाही नव्हती.

ही उणीव जपानमध्ये भरून निघाली. इमारतीच्या वजनाचा ठरावीक अंश आडव्या दिशेने लावून तिची भूकंपात टिकण्याची क्षमता तपासावी, अशी सूचना सानो या जपानी अभियंत्याने केली होती. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो प्रदेशात ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. तोक्यो व योकोहामा उद्ध्वस्त झाली आणि योकोहामा बंदरातील धक्क्यांच्या भिंती समुद्राच्या बाजूला सरकल्या व कोसळल्या. १९२४ मध्ये जपानच्या इमारतविषयक नियमांत वजनाच्या एक दशांश एवढे आडवे बल धरणे बंधनकारक झाले. त्याच सुमारास साबुरो ओकाबे यांनी हाच विचार आधारभिंतीमागच्या मातीला लावला. नागाहो मोनोनोबे व मात्सुओ यांनी हलत्या मंचावरील पेटीत कोरडी वाळू भरून प्रयोग केले आणि आपले निष्कर्ष १९२९ च्या तोक्यो येथील जागतिक अभियांत्रिकी परिषदेत मांडले. या पद्धतीला मोनोनोबे-ओकाबे पद्धत म्हणतात.

पद्धतीचा गाभा कूलोम यांचाच आहे. पाचर तीच, घसरणारे सपाट पृष्ठ तेच आणि सर्वाधिक दाब देणारा उतार शोधण्याची रीतही तीच. भर पडली ती एका बलाची. जमीन आडवी हलते तेव्हा पाचर आपल्या जडत्वामुळे मागे राहू पाहते, म्हणजे भिंतीच्या दृष्टीने ती तिच्यावर लोटली जाते. हे बल पाचरीच्या वजनाच्या ठरावीक अंशाएवढे धरतात. वजन सरळ खाली आणि जडत्वबल आडवे, यांची बेरीज तिरपी येते. त्यामुळे भिंत व माती जणू कललेल्या पाटावर ठेवली आहे अशा रीतीने सगळे गणित सोडवता येते.

वर घेतलेल्या वाळूच्या उदाहरणात आडवे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या एक पंचमांश धरले, तर दाबाचा गुणांक ०.३३ वरून सुमारे ०.४७ होतो. पाचरीचा उतार ६० अंशांवरून जवळपास ५० अंशांवर येतो. त्यामुळे सहा मीटर उंच भिंतीमागे माथ्यावर साडेतीनऐवजी पाच मीटरहून अधिक माती हलते. भिंतीपासून चार मीटरवर असलेले घर किंवा रस्ता एरवी पाचरीबाहेर असतो. भूकंपात तोच पाचरीच्या पोटात येतो. त्वरण वाढत गेले तर एक वेळ अशी येते की सूत्राला उत्तरच उरत नाही. ३० अंशांच्या वाळूसाठी ही मर्यादा गुरुत्वाच्या ०.५८ पटीजवळ आहे. त्यापलीकडे सपाट माथ्याची मातीसुद्धा आपल्या घर्षणावर तग धरू शकत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दाब किती वाढतो इतकेच तो कोठे लागतो हेही महत्त्वाचे असते. स्थिर मातीच्या दाबाचा परिणाम भिंतीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे या भिंतीत दोन मीटरवर, लागतो. १९७० मध्ये अमेरिकेतील सीड व व्हिटमन यांनी प्रयोगांचा आढावा घेतला. भूकंपाने आलेला वाढीव दाब उंचीच्या सुमारे ०.६ पटीवर लागत असल्याचे धरावे, अशी त्यांची शिफारस होती. या भिंतीत ती जागा ३.६ मीटरवर येते. दाब सुमारे ४० टक्क्यांनी वाढला तरी भिंत उलथवणारे आघूर्ण त्यामुळे सुमारे पाऊणपट वाढते. शिवाय दगडी किंवा काँक्रीटच्या वजनदार भिंतीचे स्वतःचे जडत्वही तिला पुढे ढकलते. हे बल हिशेबातून सुटू नये हे १९७९ मध्ये रिचर्ड्‌स व एल्म्स यांनी ठळकपणे दाखवून दिले. भिंत हलणारच नाही असा अट्टाहास धरण्याऐवजी ती किती सरकलेली चालेल हे ठरवून तिची रचना करावी, असा त्यांचा मार्ग होता.

मर्यादा

कूलोम यांची पाचर सुटण्यासाठी भिंतीने किंचित पुढे सरकणे आवश्यक असते. इमारतीच्या तळघराच्या भिंती वर-खाली जखडलेल्या असल्याने सरकू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यावरील दाब वेगळ्या रीतीने काढावा लागतो. उलटपक्षी, विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर अपकेंद्री यंत्रांत छोट्या प्रतिकृतींवर झालेल्या चाचण्यांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मोजलेले दाब अनेकदा मोनोनोबे-ओकाबे सूत्राच्या उत्तरापेक्षा कमी आढळले. भिंत व माती नेहमीच एका तालात हलत नाहीत. त्यामुळे दोहोंचे सर्वाधिक धक्के एकाच क्षणी येतीलच असे नाही. कोरड्या, चांगल्या दाबून भरलेल्या भरावापुढच्या नीट बांधलेल्या भिंती भूकंपात सहसा टिकतात, असाच क्षेत्रीय अनुभव आहे.

पाणी साचलेल्या भरावाची गोष्ट निराळी आहे. सैल आणि पाण्याने भरलेली वाळू हादरे बसताच घट्ट होऊ पाहते. कणांमधील पाण्याला तेवढ्या वेळात बाहेर पडता येत नाही आणि त्याचा दाब वाढतो. कण एकमेकांपासून सुटतात. कूलोम यांच्या नियमातील घर्षण कणांच्या परस्पर दाबावर अवलंबून असल्याने ते जवळजवळ नाहीसे होते आणि माती जड द्रवासारखी वागू लागते. यालाच मातीचे द्रवीकरण म्हणतात. अशा वेळी पाचर उरत नाही आणि पाचरीचे सूत्रही उपयोगी पडत नाही. घर्षणाच्या हिशेबात पाण्याचा दाब वजा करावा लागतो हे कूलोम यांच्या नियमात नव्हते. ते कार्ल टर्झागी यांनी विसाव्या शतकात स्पष्ट केले.

१७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात याचा प्रत्यय आला. समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीपुढील काँक्रीटच्या अवाढव्य पेट्यांच्या धक्का-भिंती सरासरी तीन मीटर आणि काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत समुद्राकडे सरकल्या व झुकल्या. त्यांच्यामागची जमीन खचली. त्याच भूकंपात प्लास्टिकच्या जाळीचे थर घालून बळकट केलेल्या मातीच्या भिंती तुलनेने चांगल्या टिकल्या आणि त्यानंतर जपानी रेल्वेने ती पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

भिंतीमागे पाणी साचू न देणे, म्हणजे निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे व त्यांच्यामागे खडी भरणे, हा यावरचा स्वस्त उपाय आहे. त्याची हेळसांड झालेली मात्र सर्रास दिसते.

भारतात भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानक १८९३ मध्ये आधारभिंतींसाठी मोनोनोबे-ओकाबे पद्धतीचाच आधार घेतला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर महाराष्ट्रातील धरणे व घाटरस्त्यांच्या रचनेत भूकंपाचा विचार अपरिहार्य झाला. राज्यातील स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कूलोम व रँकिन यांचे सिद्धान्त मृदा यांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकावे लागतात.

सन्मान व स्मृती

१८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत विद्युत्‌भाराच्या एककाला कूलोम हे नाव देण्यात आले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांच्या नावाचा समावेश आहे. पदार्थ कोणत्या ताणाला तुटेल हे सांगणाऱ्या निकषाला, जर्मन अभियंते ओटो मोर यांच्या नावासह, मोर-कूलोम निकष म्हणतात. १७७३ च्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर केंब्रिज येथील जॅक हेमन यांनी विवेचनासह १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

बूर्बाँ किल्ला १७९४ आणि १८०९ मध्ये ब्रिटिशांनी वेढा घालून घेतला. दुसऱ्या वेळी त्याचा बराचसा भाग उद्ध्वस्त झाला. आज तो देझे किल्ला या नावाने ओळखला जातो आणि फ्रेंच लष्कराच्या ताब्यात आहे.